विल्डरनेसमध्ये जिंकलं कोण?

प्रश्न : अमेरिकी यादवी युद्धातली विल्डरनेसची लढाई अनिर्णित राहिली, तरी तिचं एवढं महत्त्व का?

उत्तर : नुसते आकडे पाहाल तर उत्तरेचा सेनापती ग्रँटच हरलेला दिसेल. मे १८६४, व्हर्जिनियातलं दाट झुडपी रान. तोफा जवळजवळ निरुपयोगी, धुरात शत्रू दिसेना. पेटलेल्या झाडोऱ्यात जखमी जिवंत जळाले. पुस्तकातली ती पानं मी अजून भरभर उलटतो. मृत, जखमी, बेपत्ता मिळून ग्रँटची सुमारे १७,५०० माणसं गेली, दक्षिणेचा सेनापती ली याची ११,००० च्या आसपास. आधीचे सेनापती एवढा मार खाल्ल्यावर नदीपल्याड माघारी जात. ग्रँटनं मात्र माघार न घेता ७ मेच्या रात्री फौज दक्षिणेला, स्पॉट्सिल्व्हेनियाकडे वळवली. दमलेल्या शिपायांनी चक्क जल्लोष केला! तिथे लीचीच माणसं आधी पोचली, ही गोष्ट वेगळी.