सांगलीच्या वृद्धाश्रमात आजींच्या हिरड्यांतून रक्त येतं म्हणून ब्रश बंद केलाय. बरोबर आहे का?

नाही, ब्रश चालूच ठेवा. रक्त येतं ते दात आणि हिरडीच्या कडेला साचलेल्या किटणामुळे. घासणं थांबलं की दोन्ही वाढतं. आजींना ताठ बसवा, मागे उभं राहून हनुवटीला आधार द्या. एकदम मऊ ब्रश, वाटाण्याएवढी फ्लोराइड पेस्ट, ब्रशचे केस हिरडीकडे तिरके, हलका हात, दिवसातून दोनदा. जिभेकडची बाजू हमखास राहते. कवळी रात्री काढून, घासून साध्या पाण्यात ठेवा. मिश्री लावत असतील तर ती सोडवाच, आपल्याकडच्या कितीतरी आज्यांच्या हिरड्या तिनेच गेल्यात. दोन आठवड्यांत रक्त थांबलं नाही, पू आला किंवा दात हलला तर दंतवैद्याकडे न्या, गोळ्यांची चिठ्ठी सोबत घेऊन: बीपीच्या अम्लोडिपिनने हिरड्या वाढू शकतात.