पत्रकावर पत्ता नाही, पण दार तर गाठावंच लागतं

(कोल्हापुरातले एक निवृत्त पोस्टमन या सदरात टपालासंबंधीच्या प्रश्नांना उत्तरं देतात. वाचक त्यांना मामा म्हणतात.)

प्रश्न : मामा, नमस्कार. मी करवीर तालुक्यातल्या एका शाखा डाकघरात डाकसेवक आहे. ड्युटी चार तासांची. मागच्या आठवड्यात बॅगेबरोबर प्रवेशाच्या जाहिरातीचे गठ्ठे आले, आठशे पत्रकं. एकावरही नाव-पत्ता नाही. फोनवर निरोप मिळाला की तीन दिवसांत गावातल्या प्रत्येक घरात एकेक गेलं पाहिजे. रोजचं टपाल, खात्यांचे पैसे, सगळं आहे तेवढंच आहे, वर हे. गावठाण एक वेळ होईल, पण निम्मी घरं मळ्यात आहेत. आमचे मालक म्हणतात, "दोनशे वाट आणि बाकीची बंबात घाल, कोण बघायला येतंय?" मला ते पटत नाही. हे काम खरंच माझं आहे का? आणि असेल तर ते चार तासांत बसवायचं कसं?
— एक डाकसेविका, ता. करवीर

उत्तर : ताई, आधी बंबाचं सांगतो. तसं करू नका. त्या पत्रकांसाठी कुणीतरी खात्याकडं पैसे भरलेत, आणि खात्यानं ती तुमच्या हातात दिलीत. नाव असो नसो, ते टपालच आहे. अर्धवट जळलेला एक गठ्ठा जरी कुणाच्या नजरेला पडला, तरी पुट ऑफचा, म्हणजे कामावरून दूर ठेवल्याचा, कागद तुमच्या नावानं निघेल. तीन दिवसांची मुदत फोनवर सांगणाऱ्याचं नाव त्यात कुठंही नसेल.

काम तुमचं आहे का, तर आहे. खात्यानं 2005 साली डायरेक्ट पोस्ट नावाची सेवा सुरू केली. पाठवणारा किमान एक हजार पत्रकं देतो, कुठल्या भागात वाटायची ते सांगतो आणि पोस्टमन किंवा डाकसेवक ती घरोघर टाकतो. सुरुवातीचा दर स्थानिक वाटपासाठी 20 ग्रॅमपर्यंत नगाला दीड रुपया होता. खात्याला उत्पन्न हवं आहे, पत्रं कमी झालीत, त्यामुळं ही सेवा चालवण्यात गैर काही नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. नगाला पैसे घेता, तर त्या नगामागं चालणाऱ्या माणसाचा वेळही नगानंच मोजला पाहिजे. आज तो कुठंच मोजला जात नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथं आहे.

वरून बघणाऱ्याला पत्रक म्हणजे काम वाटतच नाही. सॉर्टिंग नाही, सही घ्यायची नाही, मोबाइलवर नोंद नाही, दारात टाकलं की झालं. पण पोस्टमनचा दिवस टपालाच्या संख्येवर ठरत नाही, तो दारांवर ठरतो. सकाळी टपाल हातात आलं की आपण ते चालण्याच्या क्रमानं लावतो. ज्या गल्लीत आज काही नाही ती गल्ली आपोआप गळते. साठ घरांच्या गल्लीत पंधरा घरांचं टपाल असेल तर पंधरा दारं. पत्रक आलं की साठच्या साठ. एक कागद वाढला असं ते म्हणतात, प्रत्यक्षात पंचेचाळीस दारं वाढलेली असतात.

मी शिवाजी पेठेत बीट, म्हणजे वाटपाची रोजची फेरी, केलं आणि नंतर राजारामपुरीत. राजारामपुरीच्या नंबरच्या गल्ल्या सरळ, फाटकाला पेटी, हात घातला की झालं. पेठेत एका दिंडीदरवाजाआड सहा-सात बिऱ्हाडं, त्यातलं एक माडीवर, एक परड्यात, आणि चौकात बसलेल्या आजी विचारणार, "माझी पेन्शन आली का रं?" त्यांना उत्तर न देता पुढं जाता येत नाही, आणि जाऊही नये. दोन्हीकडं पत्रकं शंभरच असली तरी वेळ दुप्पट-तिप्पट वेगळा लागतो. हा फरक टेबलावर बसून कळत नाही.

आता तुमचा हिशेब मांडू. एका दाराला अर्धा मिनिट धरला, तोही उदार मनानं, तरी आठशे दारांना चारशे मिनिटं. म्हणजे सहा तास चाळीस मिनिटं. तुमचे तीन दिवसांचे मिळून तास बारा. निम्म्याहून जास्त वेळ एका जाहिरातीत गेला, आणि मळ्यातल्या वस्तीवर जायचं-यायचं अंतर यात अजून धरलेलंच नाही. वजनाचंही बघा. पंधरा ग्रॅमचं पत्रक धरलं तर आठशेचं बारा किलो होतं. सायकलीवर नेहमीच्या पिशवीच्या वर ते चढवायचं, तेही पावसाच्या तोंडावर, कारण प्रवेशाची पत्रकं येतात जूनमध्येच.

लोक म्हणतात, पेपरवाला नाही का रोज पत्रकं वाटत? वाटतो, पण तो ज्या दारात पेपर टाकणार आहे त्याच दारात पत्रक टाकतो. त्याचं एकही दार वाढत नाही. पहाटे घडीत कागद सरकवायचे वेगळे पैसे त्याला हजारावर मिळतात. ज्याचं दार वाढत नाही त्याला मोबदला, आणि ज्याची दारं चौपट होतात त्याला फोनवरचा निरोप, हे मला मान्य नाही.

2018 च्या 1 जुलैपासून डाकसेवकाला चार तासांसाठी दहा हजार आणि पाच तासांसाठी बारा हजार रुपये मूळ टीआरसीए, म्हणजे टाइम रिलेटेड कंटिन्युइटी अलाउन्स, हा पगाराच्या जागी मिळणारा भत्ता ठरला. त्यावर महागाई भत्ता. टीआरसीए तासांना जोडलेला आहे, त्याच्या नावातच वेळ आहे. मग सहा तास चाळीस मिनिटांचं काम त्या तासांच्या बाहेर धरता येत नाही. नियमाप्रमाणं डाकसेवकाकडून दिवसाला पाच तासांच्या वर काम घ्यायचं नसतं. तेव्हा संध्याकाळी घरचं आवरून, मुलाला बरोबर घेऊन पत्रकं वाटत फिरू नका. तुम्ही एकदा तसं केलंत की तीन दिवसांत आठशे होतात असा दाखला तयार होतो, आणि तो पुढं शेजारच्या गावातल्या डाकसेवकाला दाखवला जातो.

बाहेरच्या देशांत हाच वाद होऊन गेलाय, ते सांगतो, कारण त्यातून शिकण्यासारखं आहे. ब्रिटनच्या रॉयल मेलमध्ये पूर्वी एका घरात आठवड्याला जास्तीत जास्त तीन पत्रकं अशी मर्यादा होती आणि पोस्टमनला त्याचे नगावर पैसे मिळायचे. 2010 च्या करारात ती मर्यादा गेली, नगाचे पैसे जाऊन ठरावीक साप्ताहिक रक्कम आली आणि पत्रकं रोजच्या कामाचा भाग झाली. ठरावीक रक्कम ऐकायला चांगली वाटते. पण नगावर पैसे असले की पत्रकं वाढली तर खर्चही वाढतो, म्हणून साहेब जपून पाठवतो. रक्कम बांधली की कितीही पाठवा, भार एकाच्याच खांद्यावर. म्हणून मी म्हणेन, आपल्याकडं मागणी करायची तर नगावर करावी, महिन्याच्या एकरकमी भत्त्यावर तडजोड करू नये. कॅनडात टपाल कर्मचाऱ्यांच्या युनियननं 2025 च्या 15 सप्टेंबरपासून बिनपत्त्याची पत्रकं वाटणं थांबवलं होतं. पत्रं आणि पार्सल चालू ठेवून फक्त पत्रकं बंद, म्हणजे लोकांचं अडत नाही आणि टपाल कंपनीचं उत्पन्न अडतं. त्या कामाची किंमत किती आहे ते त्यावरून कळतं. तुम्ही एकटीनं गावात तसं काही करू नका, ती युनियनची लढाई होती.

तुम्ही करायचं ते असं. आजच अकाउंट ऑफिसला, म्हणजे तुमचं शाखा डाकघर ज्याच्या हाताखाली येतं त्या पोस्टाला, एक अर्ज द्या. त्यात लिहा की अमुक तारखेला आठशे पत्रकं मिळाली, मुदत तोंडी तीन दिवसांची सांगितली, गावठाणात घरं इतकी, मळ्यात इतकी, चार तासांच्या ड्युटीत रोजचं टपाल सांभाळून दिवसाला शंभर वाटता येतील, तरी मुदत लेखी वाढवून मिळावी. "जमणार नाही" हा शब्द अर्जात नको. काम नाकारलं असं कुणी म्हणू शकता कामा नये. दिवसाला किती जमतं ते लिहिलं की निर्णय त्यांच्याकडं जातो. पोच घ्या. पोच देत नसतील तर अर्ज स्पीड पोस्टनं पाठवा, रजिस्टर्ड पोस्ट 1 सप्टेंबर 2025 पासून स्पीड पोस्टातच विलीन झालंय.

मग वाटायला सुरुवात करा. क्रम असा ठेवा की स्पीड पोस्ट आणि पैशाचं काम आधी, साधं टपाल त्याच्यामागून, पत्रकं शेवटी. कुणाची परीक्षेची, नोकरीची कागदपत्रं पत्रकापायी उद्यावर गेली तर ते तुमच्याच जिवाला लागेल, मी ओळखतो तुमच्यासारख्यांना. ज्या आळीत आज टपाल आहे त्याच आळीत पत्रकं घेऊन जा, म्हणजे फेरी दुहेरी होणार नाही. मळ्यासाठी वेगळा वार ठेवा. आणि एक वही घाला. तारीख, वस्तीचं नाव, किती दारं, निघाल्याची वेळ, परतल्याची वेळ. एवढ्या पाच गोष्टी, रोज. कामाचा बोजा ठरवताना नोंद असलेलंच काम धरलं जातं, आणि पत्रकांची नोंद तुमच्याशिवाय दुसरं कोणी ठेवणार नाही. इन्स्पेक्टर तपासणीला येतील तेव्हा वही पुढं करा, त्यावर त्यांची सही मागा. तिथं दखल घेतली नाही तर अधीक्षकांकडं जा. कोल्हापूर डिव्हिजन गोवा रिजनमध्ये येतं, त्यामुळं अधीक्षकांच्याही वर अर्ज करायचा तर तो पणजीला जाईल. आसपासच्या चार-पाच डाकसेवकांच्या वह्या एकत्र गेल्या तर युनियनलाही बोलायला आधार मिळतो. एकट्याचं गाऱ्हाणं तक्रार म्हणून बाजूला पडतं, पाच गावांच्या तारीखवार नोंदी बाजूला सारता येत नाहीत.

मालकांना माझा नमस्कार सांगा. त्यांचा राग बरोबर आहे, फक्त तो बंबात न जाता अर्जात जाऊ द्या.

प्रश्न : लक्ष्मीपुरीत माझं दुकान आहे. दिवाळीच्या सेलची पाच हजार पत्रकं पोस्टानं वाटावीत असं वाटतं. चालेल का?
— एक व्यापारी

उत्तर : चालेल, आणि पोस्टाला धंदा द्याल तर मला आनंदच आहे. पण ऐन दिवाळीच्या आठवड्यात देऊ नका, तेव्हा पार्सलांनी पोस्टमनची गाडी आधीच भरलेली असते. नवरात्र बसतानाच द्या आणि वाटपाला निदान पंधरा दिवस ठेवा. "अख्खं कोल्हापूर" असं सांगू नका. तुमचं गिऱ्हाईक कुठून येतं ते तुम्हाला माहीत आहे, तेवढेच भाग निवडा. कागद पातळ घ्या आणि शंभर-शंभरचे गठ्ठे बांधून द्या, नाहीतर मोजण्यातच कुणाची तरी सकाळ जाते. चालू दर आणि सवलत हेड पोस्टात विचारून घ्या. पैसे भरताना एवढंच विचारा, की हे कोण आणि किती दिवसांत वाटणार. पैसे भरणाऱ्यानं विचारलेला प्रश्न साहेब जास्त मनावर घेतात, आणि त्याचा फायदा वर लिहिणाऱ्या ताईंसारख्यांना होतो.

प्रश्न : ताराबाई पार्कात आमच्या अपार्टमेंटच्या पेट्या पत्रकांनी भरतात. "पत्रके टाकू नयेत" अशी पाटी लावली, तरी पोस्टमन टाकतोच. त्याची तक्रार कुठं करायची?
— एक रहिवासी

उत्तर : त्याची तक्रार करू नका. त्याला प्रत्येक पेटीत टाक असं सांगितलेलं आहे आणि तो तेच करतोय. अॅमस्टरडॅममध्ये 2018 पासून उलटा नियम आहे, ज्यानं हवीत असं स्टिकर लावलंय त्यालाच पत्रकं मिळतात. ब्रिटनमध्ये रॉयल मेलकडं अर्ज दिला की त्यांची पत्रकं दोन वर्षं बंद होतात. जर्मनीत पेटीवर "जाहिरात नको" लिहायची रीत आहे, आणि तिथल्या टपाल कंपनीनं घरोघर जाणारा आपला साप्ताहिक जाहिरातींचा गठ्ठा 2024 मध्ये बंदच केला. आपल्याकडंही अशी सोय व्हावी असं मला मनापासून वाटतं. नको असलेल्या घरात जाणं वाचलं तर पोस्टमनचंही एक दार वाचतं. तोवर सोसायटीच्या लेटरहेडवर, फ्लॅटनंबर घालून, तुमच्या भागाच्या पोस्टमास्तरांना अर्ज द्या की या घरांना बिनपत्त्याची पत्रकं नकोत, आणि त्याची एक प्रत पोस्टमनच्या हातात द्या. मात्र आधी पेटीतले कागद एकदा नीट बघा. बरीच पत्रकं क्लासवाल्यांची आणि केबलवाल्यांची पोरं टाकून जातात, त्यात पोस्टाचा काही संबंध नसतो.