‘नाशिक’चं ‘नाशकि’ का होतं: सीमॅपच्या पुढचं काम

तुमची अडचण अशी दिसते: अंबडच्या वर्कशॉपमध्ये पितळी पाट्या कोरणाऱ्या मशीनसाठी तुम्ही पायथनमध्ये प्रोग्राम लिहिलाय. फॉन्टटूल्स (फॉन्ट फाइल वाचणारी पायथनची लायब्ररी) वापरून फॉन्टमधल्या सीमॅप नावाच्या तक्त्यातून एकेका युनिकोड कोडचा ग्लिफ (म्हणजे काढायचा आकार) घेता आणि ओळीने मांडता. मग ‘नाशिक’चं ‘नाशकि’ होतं, ‘क्षेत्र’मधले क आणि ष सुटे पडतात. फॉन्ट खराब आहे असं तुम्हाला वाटतंय. फॉन्ट ठीक आहे, तुम्ही मधली एक पायरी गाळताय.

सीमॅप फक्त एवढंच सांगतो की अमुक कोडला तमुक ग्लिफ. त्यात क (०९१५) आहे, ष (०९३७) आहे, पाय मोडायचं चिन्हही (हलन्त) आहे. क्ष नाही, कारण युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र कोडच नाही. क, हलन्त, ष असे तीन कोड मिळून तो होतो. त्याचा ग्लिफ फॉन्टमध्ये असतो, पण त्याच्याकडे जायची वाट जीसब नावाच्या दुसऱ्या तक्त्यातून आहे. वेलांटीचं त्याहून वेगळं. आपण आधी श म्हणतो, मग इ, आणि युनिकोड त्याच क्रमाने साठवतं. लिहिताना मात्र ऱ्हस्व वेलांटी आधी येते. ही अदलाबदल शेपर करतो, म्हणजे कोडच्या ओळीवरून योग्य ग्लिफ योग्य क्रमाने लावणारा प्रोग्राम.

मीही आधी हे हाताने करायला गेलो होतो. वेलांटी दिसली की मागच्या व्यंजनाच्या आधी सरकवायची, असा नियम केला. ‘शिवाजी’ला चालला, ‘स्थिती’ला मोडला, कारण तिथे वेलांटी आख्ख्या स्थ च्या आधी जाते. पुढे रफार आला, मग ‘त्र्यंबक’. त्यात त आणि र चा आधी त्र होतो, मग त्याचं अर्धं रूप य ला लागतं. एक पाटी पाय मोडलेल्या त आणि र सकट कोरली गेली आणि भंगारात टाकावी लागली. म्हणून कळकळीने सांगतो, हे नियम स्वतः लिहू नका.

हार्फबझ हा तयार शेपर वापरा, पायथनसाठी त्याचं यूहार्फबझ आहे. त्याला पूर्ण शब्द द्या, अक्षरं सुटी करू नका. तो ग्लिफचे क्रमांक, प्रत्येकाची रुंदी आणि किती सरकवायचं ते परत देतो. त्या क्रमांकावरून फॉन्टटूल्सकडून ग्लिफचं नाव घ्या आणि बाह्यरेषा काढा. सीमॅपची तुम्हाला थेट गरज उरतच नाही. भाषा मात्र आठवणीने ‘एमआर’ (mr, मराठीचा कोड) द्या. बऱ्याच फॉन्टांत श आणि ल हिंदी वळणाचे असतात आणि मराठी वळणाची रूपं भाषा सांगितल्यावरच येतात (अर्थात फॉन्टमध्ये ती असतील तर). नाशिकच्या पाटीवर श मराठीच हवा.

कोरीवकामात अजून एक गोष्ट नडते. शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. पडद्यावर काळ्या रंगात ते दिसत नाही, पण टूल बाह्यरेषेवरून फिरतं तेव्हा प्रत्येक जोडावर आडव्या-उभ्या रेघा उमटतात. सगळे आकार आधी एकत्र जोडून एकच बाह्यरेषा करा, मगच मशीनला द्या. मशीनला एसव्हीजी (रेषाचित्राची फाइल) देत असाल तर फॉन्टमध्ये वाय अक्ष वर जातो आणि एसव्हीजीत खाली, तेही उलटवा.

गिऱ्हाईक जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधली फाइल घेऊन आलं तर वरचं काही लागू नाही. तिथे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. त्यातले जे सिम्बॉल प्रकारचे आहेत त्यांना फॉन्टटूल्सचं सीमॅप काढून देणारं फंक्शन, गेटबेस्टसीमॅप, ‘नन’ (None, म्हणजे काहीच नाही) देतं. मजकूर आधी युनिकोडमध्ये आणा. प्रत्येक फॉन्टसाठी रूपांतराचा तक्ता वेगळा लागतो.

तपासायला हे शब्द ठेवा: नाशिक, त्र्यंबकेश्वर, क्षेत्र, स्थिती, आचार्य, कुऱ्हाडे. शेवटच्या दोघांत रफार (र्य) आणि अर्धचंद्री र (ऱ्ह) यांचा फरक दिसलाच पाहिजे. कुऱ्हाडेमध्ये नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ टाइप करा. आणि हार्फबझच्या उत्तरात कुठेही शून्य क्रमांकाचा ग्लिफ आला, तर ते अक्षर फॉन्टमध्ये नाही. प्रोग्रामने तिथेच थांबावं, पितळेला टूल लागायच्या आधी.