लसीत नको असलेलं काही राहून जातं का, आणि ते तपासतं कोण?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: बाळ पुढच्या आठवड्यात दीड महिन्याचं होतंय, म्हापशात आरोग्य केंद्रावर पेंटाचा, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीचा, पहिला डोस द्यायचाय, आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरतोय की लसीत फॉर्मल्डिहाइड, माकडाच्या पेशी आणि मेलेले जंतू असतात. यात खरं किती?

मी फोंड्याची. सूक्ष्मजीवशास्त्र शिकले, सात वर्षं गोव्याबाहेर एका लस कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते, आता वेर्ण्याला इंजेक्शनं बनवणाऱ्या कंपनीत तेच काम करते. मेसेजमधले शब्द खोटे नाहीत. म्हणूनच "काही नसतं गं, दे टोचून" असं तुम्हाला कुणी सांगितलं तर ते मला आवडणार नाही. प्रमाण किती, आणि ते कुणी मोजलंय का, हे विचारायला हवं.

फॉर्मल्डिहाइड घ्या. घटसर्प आणि धनुर्वात यांचे जंतू जे विष सोडतात, ते फॉर्मल्डिहाइडने निकामी करून लस बनते. नंतर शुद्ध करताना ते काढून टाकतात, तरी लेशमात्र उरतं. मान्य मर्यादा लिटरला 0.2 ग्रॅम, म्हणजे अर्ध्या मिलिलिटरच्या डोसात मिलिग्रॅमचा दहावा भाग. तेही रसायन तुमच्या-माझ्या शरीरात रोजच्या चयापचयात सतत तयार होतं आणि मोडत असतं. माकडाच्या पेशी म्हणजे व्हेरो पेशी. 1962 साली जपानमध्ये आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून त्या वेगळ्या केल्या, तेव्हापासून प्रयोगशाळेत त्यांचीच पिढ्यान् पिढ्या वाढ होतेय. इंजेक्शनच्या पोलिओ लसीचा विषाणू अशा पेशींवर वाढवतात. नंतर पेशी काढून टाकतात. त्यांचा डीएनए किती उरावा यालाही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे: एका डोसात 10 नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग.

मेलेल्या जंतूंचं जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेक आयांना भीती वाटते ती याच कारणाने येणाऱ्या तापाची. सरकारी पेंटामध्ये डांग्या खोकल्याचा जंतू अख्खाच असतो, मारलेला. ती भेसळ नाही, तीच लस आहे. या जातीच्या जंतूच्या बाह्य आवरणात एंडोटॉक्सिन नावाचा पदार्थ असतो. जंतू मेला तरी तो तसाच राहतो आणि शरीर त्याला पाहून तापतं. पाण्यातून किंवा काचेच्या कुपीतून हाच पदार्थ आत आला तर मात्र ती अशुद्धी. उकळून तो जात नाही, म्हणून रिकाम्या कुप्या 250 अंशांवर निदान अर्धा तास भाजून घेतात. थोडक्यात, पेंटानंतर एक-दोन दिवस अंग गरम होणं, मांडी सुजणं, बाळ किरकिरं होणं हे लसीत घाण असल्याचं लक्षण नव्हे.

आता तपासणी. लोकांना वाटतं, शेवटी एक टेस्ट होते आणि पास-नापास ठरतं. तशी टेस्ट आहे. बॅचमधल्या 20 कुप्या उघडून दोन प्रकारच्या पोषक द्रवांत घालायच्या, 14 दिवस ठेवायच्या, काही वाढतंय का पाहायचं. पण हिशेब करून बघा. समजा बॅचमध्ये शंभरात एक कुपी खराब आहे. उचललेल्या 20 मध्ये ती नेमकी न सापडण्याची शक्यता 82 टक्के. म्हणजे इतकी वाईट बॅचसुद्धा पाचपैकी चार वेळा पास होईल. नोकरीच्या पहिल्या वर्षी हा आकडा मी वहीत मांडला तेव्हा मला खरंच रात्री झोप लागली नव्हती.

म्हणून खरा भर बनवण्याच्या पद्धतीवर असतो. पेंटाच्या बाबतीत तर दुसरा इलाजच नाही. पातळ औषध शेवटी 0.22 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गाळणीतून काढून जंतू अडवता येतात. पेंटात अख्खा जंतू आणि लसीचा परिणाम वाढवायला घातलेले ॲल्युमिनियमच्या क्षाराचे कण असल्यामुळे ती गाळता येत नाही, आणि उकळली तर लसच मरते. त्यामुळे पहिल्या पायरीपासून कुपीचं बूच लागेपर्यंत काहीही आत शिरता कामा नये. जिथे कुपी भरते तिथल्या एक घनमीटर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण 3,520 पेक्षा जास्त चालत नाहीत.

माणसं हे नीट करतात की नाही, हे पाहायला मीडिया फिल असतं. लसीऐवजी जंतूंचं खाद्य हजारो कुप्यांत भरायचं. तीच माणसं, तेच मशीन, तीच कामाची पाळी. जंतू शिरला असेल तर तो त्यात मजेत वाढतो आणि कुपी गढूळ होते. लस कारखान्यात असताना एका मीडिया फिलच्या अकराव्या दिवशी मी कुप्या दिव्यासमोर धरून तपासत होते. सगळ्या चहाच्या फिक्या पाण्यासारख्या नितळ. एक तिरकी केली तेव्हा तळातून बारीक धुरासारखी रेघ वर उठली. हजारो कुप्यांत ती एकच. स्लाइड करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर जांभळ्या गोलांचे घोस, माणसाच्या कातडीवर राहणारा स्टॅफिलोकोकस. म्हणजे पाण्यातून नाही, हवेतून नाही, आमच्यातल्याच कुणाच्या तरी अंगावरून. तीन आठवडे भरण्याच्या खोलीचं व्हिडिओ चित्रण मागेपुढे करून पाहिलं. अडकलेली कुपी काढताना एकाची बाही हातमोज्याच्या वर सरकली होती, दोन बोटांइतकीच. कुप्या भरण्याची ती ओळ बंद ठेवली, त्या काळात भरलेली लस फेकून दिली, आणि सगळ्यांचं प्रशिक्षण पुन्हा पहिल्यापासून झालं. त्या लसीतली एकही कुपी दूषित असल्याचा पुरावा नव्हता. नसल्याचाही नव्हता.

गोव्यात या कामाला पावसाची भर पडते. जून लागला की वेर्ण्याच्या पठारावर भिंतीसुद्धा ओल्या लागतात आणि आमच्या कपडे बदलायच्या खोलीत जंतू पकडायला ठेवलेल्या प्लेटवर हिरवट बुरशीचे ठिपके दिसायला लागतात. पुठ्ठ्याचा खोका आत न्यायचा नाही, कारण पुठ्ठ्यात बुरशीची बीजं बसतात. काजळ नाही, पावडर नाही, बांगड्या नाहीत. चवथीच्या दिवसांत घरून अबोलीची फाती माळून आलेल्या मुली ती दारातच डब्यात काढून ठेवतात. नव्या मुलींना हे जाचक वाटतं. मी त्यांना ती धुरासारखी रेघ सांगते.

हे नियम असे का, त्यामागे खरोखरची मुलं आहेत. 1955 साली अमेरिकेत कटर कंपनीच्या पोलिओ लसीत जिवंत विषाणू राहून गेला. पेशींच्या गुठळ्यांत दडलेल्या विषाणूपर्यंत फॉर्मल्डिहाइड पोचलंच नव्हतं. सुमारे 40,000 मुलांना सौम्य पोलिओ झाला, 200 जणांना कमीअधिक पांगळेपण आलं, 10 जण दगावले. त्या बॅचेस टेस्ट पास झालेल्या होत्या. नापास झालेल्या बॅचेस कंपनीने फेकून दिल्या होत्या, पण ते कळवण्याचं बंधन नव्हतं. त्यानंतर एक बॅच चांगली निघून भागेनासं झालं. ओळीने सगळ्या चांगल्या निघतात हे दाखवावं लागतं.

आपल्याकडे कंपनीचा कागद पुरेसा धरत नाहीत. प्रत्येक बॅचचे नमुने आणि ती कशी बनली याची नोंद हिमाचल प्रदेशातल्या कसौलीच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेकडे जाते, आणि तिथून मंजुरी आल्यावरच बॅच बाहेर पडते.

यापुढे लस कारखान्याच्या हातात राहत नाही, आणि इथे तुम्हीही पाहू शकता. केंद्रावर ती 2 ते 8 अंशांत ठेवतात. कुपीवर एक गोल आणि त्यात चौकोन छापलेला असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लसीला बाधेल इतकी उष्णता लागलेली नाही. चौकोन गोलाइतका किंवा त्याहून गडद झाला तर ती कुपी वापरायची नाही. नर्सबाईंना "जरा चौकोन दाखवता का" असं विचारा, त्या दाखवतील. मात्र हा चौकोन गोठल्याचं सांगत नाही, आणि पेंटा गोठली की वाया जाते. पुढे बाळ नऊ महिन्यांचं झाल्यावर गोवर-रुबेलाची लस देतील तेव्हा कुपी किती वाजता कालवली (पावडरीत द्रव मिसळला) हे विचारा, कारण तिच्यात जंतुरोधक नसतो आणि ती चार तासांत संपवायची असते.

चांगली लस कुपी उघडतानाही बिघडू शकते. 1902 च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुल्कोवाल गावी हाफकिन यांची प्लेगची लस टोचलेले 19 जण धनुर्वाताने गेले. लस मुंबईत परळला बनली होती आणि ठपका हाफकिन यांच्यावर आला. पण मेलेले सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते, क्रमांक 53-एन. ती उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. हाफकिन यांच्यावरचा ठपका पुसला जायला 1907 उजाडलं. बाटलीचा क्रमांक लिहिलेला नसता तर तेही कधी कळलं नसतं.

तर ताई, पेंटा देऊन घ्या. अर्धा तास केंद्रावरच बसा. ताप आला तर पॅरासिटामॉल किती द्यायचं ते निघण्याआधी तिथेच विचारून ठेवा. बाळ सतत तीन तास रडत राहिलं, झटका आला किंवा निपचित पडलं तर थेट डॉक्टरांकडे न्या आणि केंद्रालाही कळवा, ते नोंद करतात. आणि बाळाच्या कार्डावर तारखेसोबत बॅच नंबर लिहिलाय का ते पाहा. नसेल तर कुपी टाकून देण्याआधी तिच्यावरून उतरवून घ्या.