चालू उपनगरी रेल्वे बंद करून तिथे लाइट रेल आणली तर खरंच फरक पडतो का?

तुम्ही विचारलंय की उपनगरी रेल्वेची जुनी लाइन बंद करून त्याच जागेवर लाइट रेल, म्हणजे ट्राम, केली, तर लोकांच्या रोजच्या जाण्यायेण्यात काही बदलतं की नुसताच खर्च होतो, आणि असं घडलेलं कुणी जवळून पाहिलंय का.

मी पाहिलंय. सिडनीच्या पश्चिमेला क्लाइड ते कार्लिंगफर्ड अशी एक छोटी रेल्वे लाइन होती, तिथे आता ट्राम धावते. मी डंडसला राहतो. जुनी गाडी, मधल्या काळातली बदली बस आणि आताची ट्राम, तिन्हींतून फिरलोय. फरक पडला, चांगलाच पडला. पण तो ट्रेनची ट्राम झाली म्हणून नाही पडला. आधीची गाडी कुणाला जायचं नाही अशा ठिकाणी नेऊन सोडायची आणि आताची हव्या त्या ठिकाणी नेते, एवढंच त्यामागचं कारण आहे.

जुनी लाइन सात स्टेशनांची. क्लाइड, रोझहिल, कॅमेलिया, रायडलमियर, डंडस, टेलोपिया, कार्लिंगफर्ड. वेळापत्रकात तिचं नाव टी६. पुढचा बराचसा मार्ग एकेरी, त्यामुळे गाड्या वाढवायच्या म्हटलं तरी वाढवता येत नसत. अर्ध्या-पाऊण तासाने एक, कधी त्याहूनही उशिरा. चार डब्यांची दुमजली गाडी डोलत डोलत चढ चढायची आणि कार्लिंगफर्डला जाऊन जरा वेळ नुसती उभी राहायची. मी डोंबिवलीचा. आमच्याकडे रिकामा डबा दिसला की माणूस आधी विचार करतो, ही गाडी कारशेडला तर नाही ना चालली. इथे दुपारी वरच्या मजल्यावर मी एकटा असायचो आणि गाडी बरोबर असायची. जुन्या डब्यांत बाकाची पाठ उलटी ढकलता यायची, म्हणजे गाडी कुठल्याही दिशेला जावो, तोंड पुढे करून बसता येई. भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी ते करून दाखवायचो, आणि प्रत्येकाने ते दोन-तीनदा स्वतः करून पाहिलंय.

अडचण होती ती क्लाइडची. क्लाइड हे गाडी बदलायचं स्टेशन. जवळच रेल्वेचं यार्ड, बाकी आजूबाजूला फारसं काही नाही. डंडसच्या माणसाला बहुतेक वेळा जायचं असतं पॅरामाटाला. ऑफिसं, मॉल, न्यायालय, नदीकाठ सगळं तिथे, आणि अंतर म्हणाल तर सरळ रेषेत चारेक किलोमीटर. पण ट्रेनने जायचं तर आधी दक्षिणेला क्लाइडपर्यंत उतरा, तिथे दुसरी गाडी पकडा, मग ग्रॅनव्हिल, मग हॅरिस पार्क, मग पॅरामाटा. शहरातून परत येताना मुख्य लाइनची गाडी दोन मिनिटं उशिरा आली की डोळ्यांसमोरून कार्लिंगफर्डची गाडी निघून जायची. मग फलाटावर पाऊण तास. क्लाइडला माझी बरीच पुस्तकं वाचून झाली आहेत.

असं विचित्र वळण का, तर ही लाइन मुळात प्रवाशांच्या सोयीसाठी आखलेलीच नव्हती. रोझहिलचं रेसकोर्स १८८५ साली सुरू झालं आणि १८८८ मध्ये एका खासगी रेल्वेने क्लाइडहून तिथपर्यंत रूळ टाकले. १८९६ मध्ये ते कार्लिंगफर्डपर्यंत गेले. तेव्हा वरच्या टेकड्यांवर फळबागा होत्या. पुढे लाइन सरकारकडे आली. कार्लिंगफर्डपर्यंत विजेची गाडी यायला १९५९ उजाडलं. म्हणजे घोडे, फळं आणि नदीकाठचे कारखाने यांच्यासाठी काढलेल्या रस्त्याने आम्ही शंभर वर्षांनंतर ऑफिसला जात होतो. कॅमेलियाहून एक फाटा खास कारखान्यांसाठी निघायचा, सँडाउन लाइन. त्यावरच्या स्टेशनांची नावं म्हणजे सरळ कारखान्यांच्या पाट्याच: हार्डीज, गुडइयर, आणि एका स्टेशनचं नाव चक्क ‘क्रीम ऑफ टार्टर वर्क्स’. १९९१ च्या शेवटी त्यावरची प्रवासी गाडी बंद झाली. मी ती पाहिलेली नाही, पण त्या स्टेशनचं तिकीट कुणाकडे असेल तर मी आजही विकत घेईन.

एक गंमत सांगायलाच हवी. ही लाइन पॅरामाटा रोडला जमिनीवरूनच ओलांडायची, म्हणजे तिथे फाटक होतं. पॅरामाटा रोड म्हणजे सिडनीचा जुना हमरस्ता, सतत ट्रक, सतत हॉर्न. त्यावरची सगळी वाहनं थांबवून आमची चार डब्यांची गाडी आरामात पलीकडे जायची, आत जेमतेम पन्नास माणसं. खिडकीतून खाली बघताना फार भारी वाटायचं. ट्रकवाल्यांना काय वाटत असेल याचा अंदाज आहे.

गर्दी व्हायची ती रेसच्या शनिवारी. सकाळी सूटबूट घातलेले तरुण, डोक्यावर पिसांच्या टोप्या घातलेल्या बायका, सगळे रोझहिलला उतरायचे. संध्याकाळी तीच मंडळी चपला हातात घेऊन परतायची. रायडलमियरला विद्यार्थी असायचे, कारण तिथे वेस्टर्न सिडनी युनिव्हर्सिटी आहे. भारतातून आलेली मुलंही बरीच, रात्रीच्या शिफ्टहून सरळ लेक्चरला चाललेली, खिडकीला डोकं टेकवून झोपलेली. त्यांना रायडलमियर आलं म्हणून हलवून उठवणं हे नेहमीच्या प्रवाशांचं कामच होतं.

आता कार्लिंगफर्डच्या पुढचं. तिथून एपिंग हे मोठं स्टेशन तीनेक किलोमीटरवर. लाइन तेवढी पुढे नेली असती तर सगळा प्रश्नच मिटला असता, आणि तसं ठरलंही होतं. १९९८ मध्ये पॅरामाटा ते चॅट्सवुड अशी रेल्वे जाहीर झाली, त्यात आमच्या लाइनचा पट्टा येत होता. पण बांधला गेला तो फक्त एपिंग–चॅट्सवुड हा पूर्वेचा अर्धा भाग, आणि तो सुरू व्हायला २००९ उजाडलं. २०१० च्या निवडणुकीत केंद्राने पॅरामाटा–एपिंगसाठी दोन अब्ज डॉलरहून जास्त रकमेचं आश्वासन दिलं. पुढच्या वर्षी राज्यात सरकार बदललं, त्यांचं प्राधान्य वायव्येकडच्या लाइनला. झालं. इथली जुनी माणसं एपिंगचं नाव काढलं की अजून हसतात, आणि ते हसू काही आनंदाचं नसतं.

मग लाइट रेल ठरली. शेवटची गाडी ५ जानेवारी २०२० ला, रविवार होता. तो उन्हाळा ज्यांनी इथे काढला त्यांना वेगळं सांगायला नको. जंगलं पेटलेली, हवेत धूर, आणि आदल्याच दिवशी पेनरिथला पारा ४८.९ अंशांवर गेलेला. तरीही शेवटच्या दिवशी गाडीला गर्दी होती. कॅमेरे घेतलेले रेल्वेवेडे, आजीआजोबा, नातवंडं. एरवी कधी न चढणारे शेजारीही त्या दिवशी चढले. निम्मे लोक नेहमी चढले असते तर लाइन वाचली असती, असं मी तेव्हा बायकोला म्हणालो. तिने बरोबर विचारलं, “चढून जायचं कुठे? क्लाइडला?”

यानंतरचा भाग तुमच्या गावात असं काही होणार असेल तर नीट लक्षात ठेवा. ट्रेन बंद झाली जानेवारी २०२० मध्ये आणि ट्राम सुरू झाली थेट २० डिसेंबर २०२४ ला. पाच वर्षांना जेमतेम दोन आठवडे कमी. आधी २०२३ चा वायदा होता, मग २०२४ च्या मध्याचा, मग वर्षअखेरीचा. मध्ये महामारी आली, हे खरं. कॅमेलियात एके काळी अॅस्बेस्टॉसच्या पत्र्यांचे कारखाने होते, त्यामुळे तिथली जमीन दूषित, तिथे खोदायचं म्हणजे भलताच खर्च आणि वेळ, हेही खरं. पॅरामाटात चर्च स्ट्रीटवर हॉटेलांची रांग आहे, सगळे तिला ‘ईट स्ट्रीट’ म्हणतात. त्या रस्त्याचं खोदकाम सुरू असताना कुंपणाच्या जाळ्यांमधून वाट काढत जेवायला जावं लागे. एवढ्या काळात आमच्यासाठी होती फक्त बदली बस. ज्यांच्याकडे एक मोटार होती त्यांनी दुसरी घेतली. ज्या घरांतली मुलं सातवीत होती ती बारावी होऊन गेली, ट्रेन म्हणजे काय ते त्यांना कळलंच नाही. हा तोटा प्रकल्पाच्या हिशेबात कुठे दिसत नाही.

आणि ट्राम? चांगली आहे. अगदी मनापासून सांगतो. नाव एल४, कार्लिंगफर्ड ते वेस्टमीड, १२ किलोमीटर, १६ थांबे. कार्लिंगफर्ड, टेलोपिया, डंडस हे थांबे जुन्याच जागी. रायडलमियरच्या जागी आता यालामुंडी, युनिव्हर्सिटीला लागून. रोझहिल आणि कॅमेलिया ही स्टेशनं गेली, त्यांच्याऐवजी रोझहिल गार्डन्स. तिथून मात्र ट्राम क्लाइडकडे न जाता पश्चिमेला वळते आणि सरळ पॅरामाटात शिरते. चर्च स्ट्रीटवरच्या पट्ट्यात वर तारा नाहीत, तिथे ती बॅटरीवर चालते. पुढे लेनॉक्स ब्रिजवरून नदी ओलांडते. हा दगडी कमानीचा पूल १८३९ मध्ये पुरा झालेला. वाटेत एक थांबा बेनॉ ओव्हल, रिची बेनॉच्या नावाचा. क्रिकेटच्या जुन्या समालोचनावर वाढलेल्या आपल्या पिढीतला कुणी पाहुणा आला की तिथे उतरून फोटो काढतोच.

शेवटी वेस्टमीड. तिथे मोठं हॉस्पिटल आणि मुलांचं हॉस्पिटल, दोन्हींना स्वतंत्र थांबा. आपल्या लोकांची वस्तीही तिथे भरपूर. पूर्वी डंडसहून वेस्टमीडला कुणी ट्रेनने जात असेल असं मला वाटत नाही. आता सकाळच्या ट्राममध्ये नर्सेसचे गणवेश दिसतात, बाबागाड्या दिसतात, आणि सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले आईबाबा दिसतात. जमिनीलगतचा दरवाजा, एकही पायरी नाही. माझे सासरे गुडघ्यांमुळे ट्रेन टाळायचे. ते आता एकटे ट्रामने पॅरामाटाला जातात, नदीकाठी बसतात, हॅरिस पार्कपर्यंत चालत जाऊन समोसे खातात आणि घरी आल्यावर फक्त चहा घेतला म्हणून सांगतात. कामाच्या दिवशी दिवसभर साधारण साडेसात मिनिटांनी एक ट्राम असते. वेळापत्रक पाठ असणं ही आमच्या लाइनची जुनी ओळख होती, ती आता कुणाच्या कामाची नाही.

गेलं काय तेही सांगतो. सिडनी शहरात नोकरीला जाणाऱ्यांचं फार भलं झालेलं नाही. आता पॅरामाटा स्क्वेअरला उतरून स्टेशनपर्यंत चालायचं आणि तिथून ट्रेन धरायची. ट्राम चर्च स्ट्रीटवर हळू चालते, सिग्नलला थांबते, आणि माणसं मोबाइल बघत रुळांवरून जातात. ट्राममध्ये बसायला जागा कमी, वरचा मजला नाही. क्लाइडला गाडी बदलणं कंटाळवाणं होतं, पण तिथून मुख्य लाइनची ट्रेन त्याच स्टेशनात मिळायची. रेल्वेची गाडी म्हणून जो वेग होता, तोही शहरातल्या भागात गेला. म्हणून शहराच्या मध्यभागी काम करणारे माझे काही शेजारी आजही मोटारने एपिंगला जातात, तिथे ती उभी करतात आणि मेट्रो धरतात.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: जिथे जुनी लाइन अर्धवट, एकेरी आणि चुकीच्या टोकाला जाणारी आहे, तिथे लाइट रेल करा. जिथे ती भरून वाहतेय आणि मोठ्या शहरात थेट जाते, तिथे हात लावू नका. तुमच्याकडच्या अधिकाऱ्यांना डब्यांचं चित्र बघायच्या आधी दोन गोष्टी विचारा: गाडी बदलायची जागा कुठे असेल आणि रूळ किती वर्षं उखडलेले राहतील. दुसऱ्या प्रश्नाला जे उत्तर मिळेल त्यात निदान एक वर्ष स्वतःच मिळवा.

पुढचा टप्पाही मंजूर आहे. कॅमेलियाहून रायडलमियर, एर्मिंग्टन, मेलरोज पार्कमार्गे ऑलिम्पिक पार्कपर्यंत. रोझहिलचं रेसकोर्स विकून तिथे २५ हजार घरं आणि मेट्रो स्टेशन करायचा एक बेतही निघाला होता, तो रेसकोर्स चालवणाऱ्या क्लबच्या सभासदांनी २०२५ च्या मतदानात फेटाळला. त्यामुळे रेसच्या शनिवारी पिसांच्या टोप्या अजून चढतात, फक्त आता ट्राममध्ये. एपिंगला जायला मात्र आजही कार्लिंगफर्डहून बसच धरावी लागते.

कधी सिडनीला आलात तर कार्लिंगफर्डहून बसा आणि डंडसला उतरून जुनं स्टेशन बघा. थोडं पायी जायची तयारी असेल तर रुळांच्या बाजूने चालायला आणि सायकलला वेगळी वाट केली आहे. तीही आधी नव्हती, आणि संध्याकाळी तिच्यावर ट्रामइतकीच वर्दळ असते.