विटगेनस्टाइनचं अपुरं लिखाण आज कशाला वाचायचं?

तुम्ही विचारलंय, की लुडविग विटगेनस्टाइन या तत्त्वज्ञाने स्वतःचंच आधीचं पुस्तक चुकीचं ठरवलं, नंतरचं लिखाण हयातीत छापलं नाही, मग ते आज वाचून काय हाती लागणार? मी ते गेली दहा-बारा वर्षं वाचतोय. ते मला खऱ्या अर्थाने कळलं ते दाभोळच्या खाडीत.

आमचं घर मासेमारीचं. १ जून ते ३१ जुलै बंदी. ऑगस्टात होडी पहिल्यांदा बाहेर काढताना काका सुकाणूवर असतात आणि एक खलाशी पुढे नाळेवर बांबू घेऊन उभा राहतो. बांबू तळाला टेकवायचा, पाणी किती ते ओरडून सांगायचं, पुन्हा टेकवायचा. पावसाळ्यात गाळ कुठे जाऊन बसला ते कुणालाच ठाऊक नसतं. जीपीएसवर मागच्या मोसमाची वाट दिसत असते, पण काका तिच्यावर विसंबत नाहीत. "गेल्या वर्साची वाट यंदाची नाय," म्हणतात. खडक मात्र त्यांना तोंडपाठ आहेत.

विटगेनस्टाइनच्या 'ऑन सर्टन्टी'मध्ये, म्हणजे खात्रीबद्दलच्या त्याच्या टिपणांत, हेच आहे. आपल्या विचारांनाही नदीसारखं पात्र असतं, असं तो लिहितो. काही गोष्टी आपण तपासत बसत नाही, त्यांच्या आधाराने बाकीचं वाहतं. पण पात्रही सरकतं. काठ काही ठिकाणी कठीण खडकाचा, काही ठिकाणी वाळूचा, आज इथे साचणारी आणि उद्या वाहून जाणारी. सुरुवात करायची तर ९४ ते ९९ ही टिपणं आधी वाचा.

आता त्याचंच एक उदाहरण बघा. माणूस चंद्रावर जाऊ शकत नाही, हे आपण सगळे मानतो, असं त्याने याच पुस्तकात पुढे लिहिलंय. १९५१ मध्ये तो वारला. ही टिपणं पुस्तकरूपाने आली १९६९ मध्ये, आणि त्याच वर्षी जुलैत माणूस चंद्रावर उतरला! मला हे कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून तसाच बसून राहिलो. उदाहरण वाहून गेलं आणि त्याने पात्राबद्दल जे म्हटलं होतं ते जास्तच खरं ठरलं. सगळं बांधून पक्कं केलेलं पुस्तक असतं, तर असा तडा त्याला सोसला नसता, असं मला वाटतं.

त्याचं आधीचं पुस्तक, 'ट्रॅक्टेटस', तसं बांधलेलं होतं. १९२१ मध्ये ते आलं तेव्हा तत्त्वज्ञानाचे मुख्य प्रश्न सुटले असं तो मानत होता. १९२९ मध्ये केंब्रिजला परतला आणि पुढे त्याला त्यातल्या गंभीर चुका दिसत गेल्या. तरी जुनं पुस्तक त्याने लपवलं नाही. नवं लिखाण जुन्याच्या शेजारी छापावं, म्हणजे जुन्याच्या पार्श्वभूमीवर नवं नीट उजळेल, असं त्याने 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स'च्या प्रस्तावनेत म्हटलंय. ते पुस्तक निघालं १९५३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर.

एक सावधगिरी ठेवा. 'ऑन सर्टन्टी' हे पुस्तक त्याने रचलेलं नाही. शेवटच्या दीड वर्षातल्या वह्यांमधून त्याचे शिष्य अँस्कम आणि फॉन राइट यांनी ते काढलं. एखादं टिपण दुसऱ्याशी भांडताना दिसलं, तर ते जुळवायची घाई करू नका.

शेवटचं टिपण २७ एप्रिल १९५१ चं आहे. झोपेत कुणी 'पाऊस पडतोय' म्हणालं आणि बाहेर खरंच पाऊस असला, तरी त्याचं म्हणणं बरोबर ठरत नाही, अगदी त्या पावसाच्या आवाजानेच स्वप्न पडलं असलं तरी. दोन दिवसांनी विटगेनस्टाइन गेला. मी हे पहिल्यांदा वाचलं ती आषाढातली रात्र होती. कौलांवर पाऊस वाजत होता आणि पडवीत काका झोपेत काहीतरी पुटपुटत होते.