एफ/२२ सोड, एफ/८ वर ये

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरच्या सासबहू मंदिराचे तुझे फोटो पाहिले. कोरीवकाम पुसट आलंय, पण त्याचं खापर किट लेन्सवर (कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या स्वस्त लेन्सवर) फोडू नकोस. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत येण्याचं छिद्र; एफचा आकडा जितका मोठा, तितकं ते लहान) एफ/२२ पर्यंत बारीक केलंस, तिथेच घोळ झाला.

बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो. हे विवर्तन. त्यामुळे एका बिंदूची सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपवर) चकती होते: हिरव्या प्रकाशात एफ/८ ला साधारण ११ मायक्रॉनची, एफ/२२ ला जवळजवळ ३० ची. तुझ्या २४ मेगापिक्सेल एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरचा पिक्सेल ४ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे एफ/२२ ला एकेक बिंदू सात पिक्सेलभर सांडतो. लाखाची लेन्स घेतलीस तरी यातून सुटका नाही.

सगळं फोकसमध्ये हवं होतं, म्हणशील. मग लेन्स १८ मिमीवर, म्हणजे रुंद दृश्यावर आणून, एफ/८ ठेवून २ मीटरवर फोकस कर. साधारण १ मीटरपासून पार क्षितिजापर्यंत चालून जातं. शिवाय एफ/२२ ला प्रकाश आठपट कमी, १/१२५ सेकंदाचा शटर १/१५ वर येतो आणि हात हलतो. सेन्सरवरची धूळही आकाशात ठिपके होऊन उमटते (आणि ग्वाल्हेरच्या मे महिन्यातली धूळ!).

एफ/११ पर्यंत बिनधास्त जा. एफ/१६ नाइलाजाने, तिथला मऊपणा रॉ फाइलला (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलला) शार्पनिंग देऊन, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये कडा ठळक करून, बराचसा झाकता येतो. पूर्ण उघडं अ‍ॅपर्चरही नको, स्वस्त लेन्सचे कोपरे तिथे ढिले पडतात.

त्याच किल्ल्यातल्या मान मंदिर राजवाड्याच्या निळ्या टाइल्स चाचणीला उत्तम. ट्रायपॉडला परवानगी लागते, तेव्हा कॅमेरा कठड्यावर टेकव, दोन सेकंदांचा टायमर लाव आणि एफ/५.६ ते एफ/२२ एकेक फ्रेम काढून स्क्रीनवर १०० टक्के झूम करून बघ.